काकड्याची तबकडी

माझा आवाज जाडा आहे. आता या वयात त्याचं कुणाला काही वाटत नाही. म्हातारीचा आवाज जाडा असला काय नि चिरका असला काय, ऐकतो कोण? पण नुकत्या न्हात्या झालेल्या पोरीचा आवाज जाडा असणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. बंद दाराआडून मी "कोन हाय?" म्हटलं की बाहेरचा माणूस म्हणायचा, "भाऊ, जरा बाहेर या ना." मग मी दार उघडायची, तो मला बघायचा आणि हसू दाबायचा. दाबलेलं हसू दिसतंच. त्यापेक्षा उघड हसलेलं परवडलं. त्या दिवशी मग मी भांडी आदळत राहायची आणि मायच्या शिव्या खायची.

हा आवाज बाबांचा. त्यांच्या घशातून निघून सरळ माझ्या घशात येऊन बसलेला. आमचं गाव इंझोरीच्या अलीकडे, कारंज्याच्या वाटेवर. बाबा चारचौघांसारखी कापूस-तुरीची शेती करायचे, आणि वर्षाचे अकरा महिने गावात त्यांना कुणी फारसं विचारायचं नाही. पण कातीचा, म्हणजे कार्तिकातला, काकडा सुरू झाला की गाव बाबांचं. पहाटे मारुतीच्या देवळात ते पहिला सूर लावायचे आणि तो पार नाल्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जायचा. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमणारा आवाज. त्या आवाजावर बाया चुली पेटवायच्या, गडी बैलांना वैरण टाकायचे. घड्याळ गावात मास्तरांकडे एक होतं, पण ते मागं पडायचं. बाबा पडायचे नाहीत.

लहानपणी मी त्यांच्या मागे बसून धृपद धरायची. अख्खा काकडा मला पाठ होता. तेव्हा सगळ्यांना कौतुक. पुढे मी वाढले, आवाज आणखी खाली उतरला, आणि बायांच्या बाजूने खसखस सुरू झाली. एका पहाटे मी देवळात गेलेच नाही. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. माय मात्र म्हणाली, "बरं झालं. आता पावनेरावने येतीन. बारीक बोलत जाय जराशी." मी बारीक बोलायला शिकले. घसा आवळून धरायचा आणि शब्द नाकाजवळून सोडायचे, जमतं. दुखतं, पण जमतं.

गावात मणियारचाचांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात चावीचा बाजा होता. फोनो म्हणायचे त्याला. लाकडी पेटी, वर पितळी कर्णा. चावी भरायची, तबकडी ठेवायची, सुई टेकवायची. आधी कढईत भजी तळल्यासारखा आवाज यायचा आणि मग त्यातून गाणं वर यायचं. चाचा शिस्तीचे. एक गाणं, एक सुई. झिजलेली सुई तबकडीला खाते म्हणायचे, आणि प्रत्येक गाण्याला डबीतून नवी सुई काढायचे. तबकडीचं गाणं असायचंच केवढंसं. चहा थंड व्हायच्या आत संपायचं. गवय्याला बिचाऱ्याला तेवढ्यात सगळं उरकावं लागायचं, म्हणून शेवटी शेवटी तो धावत सुटायचा.

आम्हाला मात्र गाण्यापेक्षा चावी उतरण्याची हौस. चाचा बांगड्या भरण्यात गुंतले की पेटीतली कमान ढिली पडायची, तबकडी रेंगाळायची, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज खाली खाली येत पुरुषाचा व्हायचा, मग रेड्याचा. "बाईचा बुवा झाला, चाचा!" असं आम्ही ओरडायचो. चाचा हसत येऊन करकर चावी भरायचे आणि बुवाची पुन्हा बाई व्हायची. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. लहान पोरांपासून पाटलापर्यंत सगळ्यांनी. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण आमच्या एकाच्याही लक्षात राहिलं नाही.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर नागपूरहून एक प्राध्यापक कारंज्याला आले. जुनी गाणी गोळा करत हिंडत होते. कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं आणि बाबा धुतलेलं धोतर नेसून कारंज्याला गेले. वीज असलेल्या एका घरात त्यांचा आवाज फितीवर घेतला. परत आले तेव्हा बाबा दोन दिवस हवेत होते. साहेबांनी आपल्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, गाणं मधे तोडलं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायचे. आणि एक गोष्ट जरा विचारात पडून सांगायचे. साहेब म्हणाले होते की आपला आवाज आपल्याला कधी खरा ऐकू येत नाही. तबकडीवर ऐकाल तेव्हा हा माझा नव्हेच म्हणाल. सगळेच म्हणतात.

त्या फितीवरून बनवलेली तबकडी दिवाळीच्या तोंडावर मोटारीच्या ड्रायव्हरसोबत आली. चाचांच्या तबकड्यांहून हलकी, चकचकीत काळी, आरशासारखी. मधल्या कागदावर हाताने इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं, "तेहतीस... आणि एक तृतीयांश." हा गाण्याचा नंबर असणार, असं त्यांनी जाहीर केलं. एक तृतीयांश गाणं कसं असतं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. शेजारची आजी म्हणाली, "तेहतीस म्हंजे चांगलंच हाय, बाप्पा. अधिकाच्या महिन्यात जावयाले अनारसे तेवढेच देतात." एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेवाचून वापरत नाहीत. बैलगाडी असो, विळा असो, शिवणयंत्र असो. मायने तबकडी पाटावर ठेवली, काठाला हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या. नारळ तेवढा तिच्यावर फोडला नाही, हे नशीब. संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर सतरंजी पडली, चाचांनी बाजा आणून मांडला, आणि गाव गोळा झालं. धनजहून पाहुणेही आले होते. माझ्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. मुलाचे वडील बाबांच्या आवाजाची कीर्ती ऐकून होते, म्हणून मुद्दाम थांबले. मायने मला बजावून ठेवलं होतं की पाहुण्यांपुढे हो आणि नाही याच्यापुढे जायचं नाही, तेही बारीक.

चाचांनी चावी भरली. मग डबी उघडून त्यातली निवडून, उजेडात धरून पाहिलेली एक कोरी सुई लावली. "आपल्या भाऊच्या आवाजाले जुनी सुई? तौबा!" म्हणाले. बाबा पुढे बसले होते, हात जोडून, जणू आता देवच बोलणार.

सुई टेकली. आधी खर्रकन आवाज आला, बहुधा अक्षताचा कण असावा, आणि मग त्या पितळी कर्ण्यातून काहीतरी चिवचिवायला लागलं. चिमणीच्या पिल्लाला काकडा शिकवला तर ते जसं म्हणेल तसं. शब्द तेच, चाल तीच, पण सगळं घाईघाईने, उंच, किरटं. मध्येच सुई घसरायची आणि किंचाळायची. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग एक पोट्टं फिसकन हसलं, आणि बांध फुटावा तसं सगळं गाव हसलं. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. धनजचे पाहुणे मांडीवर थापा मारत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

चाचा घाबरले. बाजा बिघडला की त्यांना एकच इलाज माहीत होता. त्यांनी करकर चावी भरली. पिल्लू आणखी जोरात चिवचिवलं.

आणि तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोरीचा आवाज बापाले गेला, अन् बापाचा पोरीले!"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ओरडणारा मेला, त्याची पोरं म्हातारी झाली, वाक्य काही मेलं नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. पाहुण्यांचीही. लाज म्हणजे चेहरा लाल होणं, असं लोक म्हणतात. माझं तर अंगच मला नकोसं झालं, कुणी वरून काढून नेलं असतं तर मी दिलं असतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. खाली करायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

चाचांनी सुई उचलली. गाणं जेमतेम सुरू झालं होतं, सुई काठापासून थोडीच आत गेली होती. "बाजाच खराब झाला आज," असं चाचा म्हणत होते, पण कुणीतरी खात्री करायला त्यांचीच एक जुनी तबकडी लावायला लावली. ती सुरेख वाजली. बाजा चांगला होता.

बाबा उठले. "बाज्याले काहून बोल लावता?" ते म्हणाले. "सायेब बोल्लेच होते. आपला आवाज आपल्याले खरा आयकू येत नाई."

"अरे पन आमाले तं येते ना आयकू!" चाचा म्हणाले. "तुमचा आवाज आमी रोज आयकून राह्यलो!"

"देवळात घुमते तो," बाबा म्हणाले. "गाभाऱ्याचा आवाज हाय तो. माहा नाई."

यावर खरं तर हसायला हवं होतं, कारण बाबा हे बोलत होते तेही त्याच रांजणातल्या आवाजात, आणि तिथे ना गाभारा होता ना भिंत. पण दोघा-चौघा शहाण्यांनी माना डोलावल्या. यंत्र खोटं कसं बोलेल? माणसापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवायची आम्हाला तेव्हा नवीनच सवय लागत होती.

तरी दुसऱ्या पहाटे बाबा काकड्याला गेले. पहिला सूर लावला आणि मागून कुणीतरी चिमणीचा आवाज काढला. देवळात हसू पसरलं. बाबांनी पुन्हा सूर लावला, पुन्हा चिवचिव. तिसऱ्यांदा त्यांनी लावला नाही. टाळ खाली ठेवले, मारुतीच्या पायांवर डोकं टेकवलं आणि घरी आले. त्यानंतर काकडा दुसरंच कुणी म्हणू लागलं, आणि आमचं गाव उशिरा उठायला लागलं. आता लोक हळहळायचे. येऊन बाबांना बोलवायचेही. बाबा म्हणायचे, "घसा बसला." घसा काही बसला नव्हता. मला या लोकांचा असा संताप यायचा! आधी हसून घ्यायचं आणि मग ओसरीवर येऊन सुपारी कातरत हळहळायचं. पण मी तरी कोण होते बोलणारी? बारीक आवाजात संताप करता येत नाही.

माझं लग्न धनजलाच झालं. सासरे स्वभावाने वाईट नव्हते, पण प्रत्येक नव्या पाहुण्याला चिमणीच्या काकड्याची गोष्ट सांगायचे आणि शेवटी "हेच त्या बुवाची पोरगी" म्हणून माझ्याकडे बोट करायचे. मी बारीक आवाजात "चहा आणू का?" विचारायची. घरात कुणालाच माझा खरा आवाज माहीत नव्हता. हळूहळू मलाही तो आठवेनासा झाला.

यजमानांना वाशीमला कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही एका वकिलांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो. खाली वकिलीणबाई. त्यांचं माहेर नागपूरचं, आणि त्यांच्या बैठकीत विजेवर चालणारा रेकॉर्ड-प्लेयर होता. चावी नाही, कर्णा नाही. दुपारी त्या मला गाणी ऐकायला बोलवायच्या. एकदा मोठी, पातळ तबकडी लावली आणि त्यांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. आतून चिमणी बोलत होती. माझ्या हातातली बशी निसटली.

बाईंनी पेटीवरचा एक खटका सरकवला. आवाज खाली उतरला, पोसवला, आणि एक भारदस्त गवय्या शांतपणे आलाप घेऊ लागला. "अठ्ठ्याहत्तरवर राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "ही तेहतीसची."

मी फुटक्या बशीवर बसून राहिले असते तरी मला कळलं नसतं. बाईंना मी वेड्यासारखे प्रश्न विचारले आणि त्यांनी, जरा शिष्टपणे का होईना, सगळं सांगितलं. जुन्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेतात, म्हणून चटकन संपतात. या नव्या हळू फिरतात, म्हणून एका बाजूवर लांबलचक गाणं मावतं, तोडावं लागत नाही. रेघाही बारीक असतात, म्हणून सुईदेखील बारीक लागते. तळल्यासारखी खरखर नाही, खर्जातला सूरही नीट ऐकू येतो. "तुमच्या त्या चावीच्या फोनोची सुई लावली तर संपलंच," त्या म्हणाल्या. "दाभणानं रेशमी चोळी शिवायची."

चाचांची कोरी सुई माझ्या डोळ्यांपुढे आली. उजेडात धरून निवडलेली.

प्राध्यापकांनी बाबांचं गाणं तोडायचं नाही म्हणून ते हळू फिरणाऱ्या तबकडीवर घेतलं होतं. मान म्हणून. आम्ही मान म्हणून तिला कुंकू लावलं, मान म्हणून नवी सुई लावली, आणि आवाज विचित्र आला तेव्हा चावी आणखी भरली. एकदा, फक्त एकदा चावी उतरू दिली असती, तर चिमणी खाली येता येता वाटेत बाबा भेटले असते. बाईचा बुवा होताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं हो! कुणा एकाची नव्हे, अख्ख्या गावाच्या अकलेची लाज वाटत होती.

पुढच्या माहेरपणाला गेले तेव्हा मायला हळूच विचारलं. बाबांनी तबकडी उकिरड्यावर टाकायला सांगितली होती. मायने ती धडप्यात गुंडाळून तुरीच्या कणगीत तळाशी घातली होती. "कुकू लावेल वस्तू उकिरड्यावर कायले टाकू?" ती म्हणाली. मी ती वाशीमला आणली.

वकिलीणबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, काठावरचं सुकलेलं कुंकू पाहिलं आणि हसल्या. "अगं, पूजा केली होती का हिची?" मी मान खाली घातली. मग त्यांनी ती उजेडात धरली आणि त्यांचं हसू गेलं. ही दुकानातली तबकडी नव्हे, म्हणाल्या. अशी एकच बनवतात, आत पत्रा आणि वर मऊ लेप. त्यांचा भाऊ रेडिओत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिली होती. दर वेळी वाजवली की थोडी झिजते. आणि काठाकडचा भाग तर नांगरल्यासारखा झाला होता. "आत काय उरलंय ते लावल्याशिवाय कळायचं नाही. लावू?"

मी नको म्हटलं. काही उरलंच असेल, तर ते पहिल्यांदा बाबांनी ऐकायला हवं होतं.

दिवाळीसाठी मला न्यायला बाबा मुराळी म्हणून आले. मी त्यांना चहा दिला आणि खाली चला म्हटलं. वकिलीणबाईंच्या बैठकीत शिरताना ते दारातच थबकले. पायांना धूळ होती. खुर्चीवर बसा म्हटलं तर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मी तबकडी धडप्यातून काढली तेव्हा त्यांनी ती ओळखली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, मीही त्या संध्याकाळच्या गर्दीतलीच एक.

"बाई, मी चाललो," ते मला म्हणाले.

"बाबा, बसा," मी म्हटलं. "माह्यासाठी बसा."

बाईंनी खटका तेहतीसवर सरकवला, बारीक सुई खाली घेतली. आधी नुसती खरखर. कुंकवाची, अक्षतांची, चाचांच्या सुईची. त्यात कुठे एखादा शब्द बुडताना दिसावा तसा दिसायचा आणि जायचा. बाबांची मान खाली खाली गेली. खरखर थांबेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काढू का म्हणून हात पुढे केला. मला वाटलं, आपण या माणसाला दुसऱ्यांदा चारचौघांत बसवून फजित केलं. मला हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

आणि चाचांनी जिथे सुई उचलली होती, ती जागा आली. त्यापुढे कुणी गेलंच नव्हतं. खरखर एकदम मागे पडली, आणि त्या बैठकीत, गालिच्यावर, पितळी फुलदाण्यांमध्ये, बाबांचा काकडा उभा राहिला. तोच रांजण. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. वकिलीणबाई हात पुढे केलेल्या तशाच राहिल्या.

बाबा तबकडीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "हा कोन हाय?"

"तुमीच," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. गाणं सावकाश, न धावता, जिथे संपायचं तिथे संपलं. त्यानंतर प्राध्यापकांचा आवाज आला, "तुमच्यानंतर हा काकडा कोण म्हणणार?"

आणि बाबांचा: "पोरगी हाय ना माही. तिले सारा येते. आवाज बी असाच हाय, माह्यावानीच. पन लाजते थे. लोकं हासतात तिले. मी तिले सांगन म्हन्तो येखांद्या दिवशी, का बाई..."

तिथे तबकडीवरची जागा संपली. सुई मधल्या रिकाम्या रेघेत टकटक फिरू लागली. हळू फिरणारी, लांबलचक गाणं मावणारी तबकडी, पण तीही शेवटी भरतेच.

मी पदर डोळ्यांना लावला. वकिलीणबाई पुन्हा लावू का म्हणाल्या. "झिजते ना थे?" बाबांनी विचारलं. "मंग नोको."

मोटारीत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. फेरे, बारीक रेघा, चाचांची सुई. चावी उतरू दिली असती तर तेव्हाच तुमचा आवाज आला असता, असंही म्हटलं. ते हसले. खूप वर्षांनी हसलेले पाहिले. मग म्हणाले, "चाचाले सांगू नोको. मानानं लावली होती त्यानं सुई. मरून जाईन तो शरमेनं." मी नाही सांगितलं. "मले काय सांगनार होते तुमी?" असं मी विचारलं, तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "कोनाले आठवते आता."

काकडा चालूच होता. गावी पोचल्यावर दुसऱ्या पहाटे बाबांनी अंघोळ केली, टाळ घेतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चाल." देवळात आम्हाला पाहून कुजबूज झाली. पण चिमणीचा आवाज कुणी काढला नाही. पोट्टे मोठे झाले होते, आणि म्हाताऱ्यांना लाज वाटत असावी.

बाबांनी सूर लावला. पहिली ओळ आली, दुसरीत आवाज फाटला. इतकी वर्षं न वापरलेला घसा, वयही झालेलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग ते थांबले आणि नुसतेच टाळ वाजवत राहिले. माझी वाट बघत होते. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मी डोळे मिटले आणि ओळ उचलली.

माझ्या तोंडून बारीक आवाज निघाला. सासरचा. नाकाजवळून, घसा आवळलेला, चहा आणू का विचारणारा. मी खाली उतरायला गेले तर सापडेना. काकडा त्या आवाजात चिवचिवत होता, त्या संध्याकाळसारखाच, आणि या वेळी कुठलाही बाजा नव्हता, सुई नव्हती, मीच होते. मी ओळ अर्ध्यात सोडली.

कुणी हसलं नाही. बाबा टाळ थांबवून माझ्याकडे वळले आणि त्या फाटक्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू बोलले.

"घाई नोको करू, बाई. चावी उतरू दे."